शिधाकोठी: कंट्रोलवर जे मिळत नाही ते घरात कसं पोचवायचं (इंदूर)

जुनी_इंदूरकर

मोहल्ल्यात शिधाकोठी, म्हणजे गरजू घरांना किराणा देणारी कोठी, सुरू करायची म्हटली की दारात पहिला कट्टा (पोतं) येतो तो गव्हाचा. माळव्यात मार्च-एप्रिलला गहू मुबलक, आणि देणाऱ्यालाही धान्य दिल्याचं समाधान. पण गणित इथेच चुकतं, म्हणून हा धागा.

ज्या घराकडे पात्रता पर्ची (मध्य प्रदेशात रेशनचा हक्क दाखवणारी चिठ्ठी) आहे त्याला गहू-तांदूळ कंट्रोलवर, म्हणजे सरकारी रेशन दुकानात, मिळतोच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना ५ किलो, अंत्योदय असेल तर घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत आहे. चार माणसांच्या घरात २० किलो म्हणजे माणशी रोज साधारण १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात २००० कॅलरींच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे धान्याची दोन-तृतीयांश गरज कंट्रोलवर भागते. डाळीचं काय? चार माणसांना महिन्याला दहा किलोंच्या वर डाळ लागते, तेल सव्वातीन किलोच्या आसपास. ते सगळं दुकानातून विकत आणायचं. काम गेलं, आजारपण आलं, की घरातून सगळ्यात आधी डाळ जाते, मग तेल, मग भाजी. पोळी आणि मिरचीचा ठेचा उरतो. पोट भरलेलं दिसतं, म्हणून शेजाऱ्यालाही कळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे: शिधाकोठीने डाळ, तेल, मीठ, गूळ, शेंगदाणे, चहा, साबण यांच्यावर पैसा घालावा. गहू फक्त ज्यांच्याकडे पर्ची नाही त्यांच्यासाठी ठेवावा.

चाळीस घरांचा हिशेब धरा. घरटी ३ किलो डाळ म्हणजे १२० किलो, ३० किलोचे चार कट्टे. तेल घरटी दीड लिटर म्हणजे ६० लिटर, १५ लिटरचे चार डबे. पण डब्यातून तेल मोजून देणं हा भलता उद्योग आहे, सांडतं आणि भांडं घरून आणावं लागतं. अर्ध्या आणि एक लिटरचे पाऊचच बरे. मात्र पाऊचवरचं वजन वाचून घ्या. एक लिटर सोया तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात हल्ली त्याच आकाराचे, त्याच रंगाचे, पण कमी वजनाचे पाऊच येतात आणि खोक्यावर नुसतं '१२ नग' लिहिलेलं असतं. भाव नेहमी किलोवर काढून बघावा.

ज्यांना खरेदीची, साठवणीची, नोंदींची माहिती आहे त्यांनी पुढे लिहावं.

छावनीकर

ताई, डाळीबद्दल अगदी बरोबर. खरेदीचं मी सांगतो.

किराणा एकगठ्ठा घ्यायचा तर सियागंज, धान्य-डाळ छावनीत किंवा थेट डाळमिलमधून. इंदुरात डाळमिल इतक्या आहेत की दोन ठिकाणी नमुना बघितल्याशिवाय घेऊ नये. नमुना कट्ट्याच्या तोंडाशी बघू नका, मधून काढायला सांगा. पसाभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, चुरी किती पडते. दुसरी, ओला हात लावल्यावर रंग सुटतो का. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तिवडा मिसळलाय का.

तिवडा म्हणजे लाखेची डाळ, खेसरी. तुरीची डाळ दोन्ही बाजूंनी गोलसर असते. तिवड्याचा दाणा चौकोनी, पाचरीसारखा, एका अंगाला तिरका कापल्यासारखा दिसतो. रोज आणि भरपूर खाण्यात आला तर पायांची ताकद कायमची जाऊ शकते, आणि ज्यांच्या ताटात दुसरं काही नसतं त्यांनाच हा धोका सगळ्यात जास्त. स्वस्तातल्या बेसनात तो दळून मिसळलेला असेल तर डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून कोठीसाठी सुटं बेसन घेऊ नये. चणाडाळ द्यावी, ज्याला हवं तो चक्कीवर दळून घेईल.

कोणती डाळ घ्यायची हे चुलीवर ठरतं. ज्या घरात सिलेंडर संपलाय किंवा शेजारच्या शेगडीवर अर्ध्या तासात स्वयंपाक उरकायचाय, तिथे राजमा आणि काबुली चणे देऊन काही उपयोग नाही. राजमा तर कुकर नसलेल्या घरात देऊच नये. तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यानंतर नीट शिजवावा लागतो. मंद आचेवर अर्धवट शिजला तर उलट्या-जुलाब होतात. मसूर आणि मुगाची डाळ तासभर भिजवली तर उघड्या पातेल्यातही पंधरा-वीस मिनिटांत होते. तीन किलोंत दीड किलो तूर आणि दीड किलो मूग किंवा मसूर, असं धरा.

पाचपावली

घरोघरच्या मदतीतून डाळ जमवायची असेल तर जुना मुष्टिफंड अजून चालतो. स्वयंपाकाला बसताना रोज एक मूठ डाळ वेगळ्या डब्यात टाकायची. मूठ सरासरी ४० ग्रॅमची धरली तर महिन्याला घरटी १ किलो २०० ग्रॅम. पंचवीस घरांतून ३० किलो, म्हणजे एक पूर्ण कट्टा.

यात एकच गोष्ट बिघडते, पण ती सगळंच बिघडवते. प्रत्येक घरून वेगळी डाळ येते, कुणाची नवी, कुणाची सहा महिन्यांची, आणि सगळी एका पिंपात पडते. एका डब्यातला किडा तीस किलोंत जातो. शिवाय मिसळलेली डाळ एकसारखी शिजत नाही. म्हणून गल्लीला डाळ वाटून द्यावी: ही गल्ली फक्त तूर, ती गल्ली फक्त मूग. आणि आलेला डबा पिंपात ओतण्याआधी ताटात ओतून बघावा. आलेला माल आठ दिवस वेगळ्या पिंपात ठेवला, आठव्या दिवशी पुन्हा बघितला, आणि मगच मोठ्या साठ्यात टाकला, तर नव्वद टक्के कटकट टळते.

गच्चीवरची_तुळस

पावसाळ्यात किड्यांचं काय करायचं? जून उजाडला की आमच्याकडे मूग-चवळीला भोकं पडतात, घट्ट झाकण असूनही. एकाने गोळ्या टाका असं सुचवलंय.

कोठीवाली_मावशी

गोळ्या अजिबात नकोत. बाजारात सल्फास म्हणतात त्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने विषारी गॅस सुटतो. ते बंद गोदामात प्रशिक्षित माणसांनी करायचं काम आहे. माणसं वावरतात त्या खोलीत, किंवा वरच्या मजल्यावर कुणी झोपत असेल तिथे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. दुसऱ्याच्या घरात जाणारं धान्य आहे हे, चुकून एक गोळी पिशवीत गेली तर?

आता भोकांचं. झाकण घट्ट असूनही किडा होतो, कारण तो बाहेरून येतच नाही, आतूनच निघतो. मूग किंवा चवळीचा एक दाणा उन्हात धरून बघ. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल, नखाने खरवडला तरच निघतो. ते भुंग्याचं अंडं. अळी तिथूनच दाण्यात शिरते, आत खाऊन मोठी होते आणि गोल झाकण कापल्यासारखं भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे भोक दिसलं तेव्हा तीन-चार आठवडे उशीर झालेला असतो.

हा भुंगा अख्ख्या कडधान्यावर जास्त येतो, सालं काढलेल्या भरडलेल्या डाळीवर कमी. म्हणून जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोठीत अख्खं मूग, चवळी, मटकी, चणे घ्यायचेच नाहीत. डाळच घ्यायची, आणि तीही महिन्याभराच्या वाटपापुरतीच. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवून, सावलीत पूर्ण गार करून, मग भरलेलं धान्य टिकतं. गरम असताना भरलं तर झाकणाला आतून घाम धरतो आणि बुरशी येते. ही चूक फार होते, कारण ऊन उतरेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो.

पिंपाचं माप लक्षात ठेव: ५० लिटरच्या पिंपात गहू साधारण ३८ ते ४० किलो मावतो. पिंप काठोकाठ भरलं की आत हवा कमी आणि किडाही कमी. अर्धं रिकामं पिंप ठेवण्यापेक्षा छोटं पिंप घे. कट्टे भिंतीला टेकवायचे नाहीत, हातभर जागा सोडायची, आणि खाली लाकडी फळ्या. फरशीचा ओलावा पोत्यात चढतो, खालचा थर गाठी धरतो आणि वरून काहीच कळत नाही.

शेंगदाण्यांना कुबट वास आला किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर निवडून देणं नको, सगळेच टाकायचे. बुरशीचं विष निवडून किंवा भाजून जात नाही. टाकायचे ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात, पण थैलीतून मोकळे करून. जनावरांनाही घालू नका.

हिशेबनीस_सुदामानगर

नोंदी आणि पैसे.

वहीत चारच रकाने ठेवा: कोठीच्या कार्डाचा क्रमांक, घरात माणसं किती, त्यांत सहा वर्षांखालची मुलं किती, पर्ची आहे की नाही. नावाची यादी वेगळी, एकाच माणसाकडे, कुलपात. वाटपाच्या टेबलावर नाव असलेला कागद नको. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका. त्यांचा कोठीला काही उपयोग नाही आणि सांभाळायची जबाबदारी मात्र येते.

देणग्यांचं: वस्तूरूपात दिलेल्या दानावर आयकरातली ८०-जी ची सूट मिळत नाही, आणि रोख असेल तर २००० रुपयांच्या वर मिळत नाही. संस्थेकडे ८०-जी असेल तर हे देणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये वाद होतात. दिवाळीत सगळे देतात, फेब्रुवारीत फळ्या रिकाम्या असतात. म्हणून दिवाळीला येणारा माल थोडा आणि पैसे जास्त घ्यावेत. पैसे टिकतात, डाळ टिकत नाही. मागणीचे दिवसही ठरलेले आहेत: मे-जूनमध्ये शाळा बंद, म्हणजे मुलांचं मध्यान्ह भोजन बंद. जुलै-ऑगस्टमध्ये बांधकामं थांबतात. आणि दर महिन्याची वीस तारीख उलटल्यानंतर.

छावनीकर

हिशेबनीस, एक मतभेद आहे. पर्ची बघून शिधा कमी-जास्त करणं ठीक, पण पर्ची नाही म्हणून चौकशीसाठी दोन आठवडे थांबवू नका. पहिली पिशवी कुठलाही कागद न बघता द्यावी. भूक लागल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या दारात डाळ मागायला उभं राहत नाही.

हिशेबनीस_सुदामानगर

मान्य. पहिली पिशवी बिनकागदाची. दुसऱ्या वेळेपर्यंत पर्चीचं काम मार्गी लावायचं, असं म्हणू.

जुनी_इंदूरकर

आणि हेच काम कोठीने स्वतःचं मानावं. एका घराचं थांबलेलं कंट्रोलचं धान्य सुरू करून दिलं की त्या घरात दर महिन्याला २० किलो जातं, ते कोठीला कधीच परवडणार नाही.

अडतं कुठे? एक, समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीचा क्रमांक. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या समग्रमध्ये असतं, तिथून कमी झाल्याशिवाय इकडे चढत नाही. नव्या बाळाचं तर नावच नसतं. दोन, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेली असते आणि त्या माणसाचं धान्य बंद पडतं, घरच्यांना कळतं ते थेट दुकानात गेल्यावर. तीन, अंगठा लागत नाही. भांडी घासणाऱ्या बायका, सिमेंटचं काम करणारे, म्हातारी माणसं, यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, किंचित तेल-क्रीम लावून पुसून मग दुसऱ्या बोटांनी प्रयत्न करावा. दहाही बोटं चालत नसतील तर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्याने घ्यायला लावावं. तरीही दुकानदार परत पाठवत असेल तर १८१ वर मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा.

जळगाव-बुलढाण्याकडून कामाला आलेल्या घरांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की महाराष्ट्राच्या कार्डावर इंदुरातही त्यांच्या वाट्याचा गहू-तांदूळ मिळतो. 'एक देश एक रेशन कार्ड' मध्ये ते बसतं. घरातले अर्धे लोक गावी असतील तर गावी आपला वाटा आणि इथे आपला वाटा, असंही उचलता येतं. फक्त कार्ड आधारशी जोडलेलं हवं.

पाचपावली

भरून ठेवलेली पिशवी द्यावी की फळीवरून निवडू द्यावं? आमच्या मंडळात दोन तट आहेत.

कोठीवाली_मावशी

निवडू द्यावं. तयार पिशवीतली साखर मधुमेहाच्या घरात पडून राहते, चहा न पिणाऱ्याकडे चहा जातो, आणि मग ते शेजारच्या टपरीवर विकलं गेलं म्हणून लोक नाव ठेवतात. चूक पिशवीची असते.

गुण ठरवून द्यायचे. एक-दोन माणसांच्या घराला १२, तीन-चार माणसांना १८, त्याच्यावर २४. डाळ किलोला ३, तेल लिटरला ४, शेंगदाणे अर्धा किलो २, गूळ किलो २, चहा पाव किलो २, पोहे किलो १, साबण १, सॅनिटरी पॅडचं पाकीट १. मीठ, हळद आणि तिखट यांना गुण नाहीत, हवं तेवढं घ्या. तीन-चार माणसांच्या घराने तीन किलो डाळ आणि लिटरभर तेल घेतलं तरी पाच गुण हातात उरतात, त्यातून ती बाई आपल्या घराला काय हवं ते ठरवते. गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर चार गुण जास्त, आणि ते डाळ, शेंगदाणे, गूळ यांच्यावरच.

गर्दी होते ती सगळ्यांना एकच वेळ दिल्यामुळे. पंधरा मिनिटांना चार घरं, कार्डावर वेळ लिहून. रोजंदारीवाल्यांना दुपार चालत नाही, त्यांना संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी. पिशवी कापडी, आतलं न दिसणारी. आणि फोटो नाही. देणाऱ्याला पुरावा हवा असेल तर रिकाम्या झालेल्या फळ्यांचा आणि खरेदीच्या बिलाचा फोटो पाठवा.

गच्चीवरची_तुळस

बाळांच्या दुधाची पावडर ठेवायची का? दोघांनी डबे द्यायची तयारी दाखवलीय.

कोठीवाली_मावशी

नाही, कायद्यानेच नाही. १९९२ च्या शिशुदुग्ध-पर्याय कायद्याप्रमाणे दुधाची पावडर, बाटल्या आणि बालआहार अनाथालयाखेरीज कुणाला दान करता येत नाही. कारणही पक्कं आहे. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असतं, पुढचा डबा परवडत नाही, मग पावडर पातळ करून पाजली जाते, तीही कशाही पाण्यात. आईला जेवू घाला. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी आणि गरोदर आईसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तिथे नाव आहे का ते विचारा. बाळाला आईचं दूध मिळूच शकत नसेल तर तो डॉक्टरांचा विषय.

विजयनगर_ते_राजवाडा

लग्नाच्या सीझनमध्ये हॉलवर एवढं अन्न उरतं, ते कोठीतून का नाही द्यायचं? फेकलं जाताना बघवत नाही.

छावनीकर

देता येतं, पण ते वेगळं काम आहे, वेगळी माणसं, वेगळी भांडी. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत, नोंदणी लागते. गरम अन्न ६० अंशांच्या वर, गार अन्न ५ अंशांच्या खाली, मधल्या तापमानात जंतू वाढतात. रात्री साडेअकराला हॉल फोन करतो, तोपर्यंत भात चार तास उघडा पडलेला असतो. तो नाकारायचा. पनीर, खव्याची मिठाई, ओल्या नारळाची चटणी, श्रीखंड, कापलेलं सॅलड, हेही नाही. जेवण सुरू व्हायच्या आधी वेगळं काढून ठेवलेल्या पुऱ्या, कोरडी भाजी आणि झाकलेल्या भांड्यातली वाफाळती डाळ घेता येते, आणि ती तासा-दीड तासात पानात पडली पाहिजे. गरम जेवणच हवं असलेल्या माणसाला दीनदयाळ रसोईचा पत्ता द्यावा, तिथे नाममात्र पैशांत बसून जेवता येतं.

विजयनगर_ते_राजवाडा

समजलं. मग हॉलवाल्यांकडून न फोडलेले तेलाचे डबे आणि कोरडा किराणा मागतो.

पाचपावली

दोन बारीक गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

कंट्रोलच्या तांदळात अधूनमधून वेगळ्या रंगाचे दाणे दिसतात, धुताना पाण्यावर तरंगतात. लोक प्लास्टिक समजून निवडून टाकतात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे आहेत, तांदळाच्याच पिठाचे, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. कोठीच्या टेबलावर एका वाटीत ते दाणे ठेवून दाखवा, सांगण्यापेक्षा लवकर पटतं.

दुसरं, चक्की. मोफत गहू घरात असूनही दळणाचे पैसे नसतात, आणि मग गहू विकून आटा आणला जातो. जवळच्या चक्कीवाल्याशी ठरवून दहा किलोची दळणाची चिठ्ठी द्यावी, महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या मोजून कोठीने पैसे चुकते करावेत. दळलेला आटा कोठीत साठवू नका. पावसाळ्यात महिन्याभरात कडू होतो.

जुनी_इंदूरकर

चक्कीची चिठ्ठी फार उपयोगाची. तिच्यावर तारीख आणि कोठीचा शिक्का घाला, आणि चक्कीवाल्याला सांगा की चिठ्ठी घेताना काही विचारायचं नाही, इतर गिऱ्हाइकांच्या ओळीतच डबा ठेवायचा. ज्या आजी-आजोबांना दहा किलो उचलत नाही त्यांना पाच-पाचच्या दोन चिठ्ठ्या द्या.